यजमान कुटुंब (परदेशी स्वयंसेवकांचे)

परदेशात जाऊन स्वयंसेवी काम करणाऱ्या व्यक्तीला काही आठवडे ते काही महिने आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या, तिला आपल्या पंगतीत बसवणाऱ्या आणि आपल्या नात्यागोत्यांत, शेजारात व सणावारांत सामील करून घेणाऱ्या कुटुंबास यजमान कुटुंब म्हणतात. निवासाचा खर्च बहुधा पाठवणारी संस्था किंवा स्वयंसेवक स्वतः ठरावीक रकमेने देतो. तरीही ही खाणावळ नव्हे, कारण घरच्या माणसांशी रोजचा सहवास हाच या व्यवस्थेचा हेतू असतो. गरीब विद्यार्थ्याने आठवड्याचे सात वार सात घरी लावून जेवण्याची प्रथा मराठी समाजात पूर्वी होती. मात्र वाराचा विद्यार्थी जेवून आपल्या खोलीवर परतत असे, तर स्वयंसेवक त्याच घरात झोपतो, आजारी पडतो, रुसतो आणि घरातली भांडणेही ऐकतो.

स्वयंसेवेची आंतरराष्ट्रीय चळवळ आरंभी घरांत नव्हे, तर छावण्यांत वाढली. स्विस शांततावादी पिअर सेरेसोल यांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल'चे कार्यकर्ते कामाच्या जागीच एकत्र राहत. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः भारतात आले होते. घरी राहण्याच्या पद्धतीला अमेरिकेत डोनाल्ड वॉट यांच्या 'एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' (१९३२) या उपक्रमाने चालना दिली. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवणाऱ्या 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस'ने दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थ्यांना परदेशी कुटुंबांत ठेवण्यास सुरुवात केली. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या 'पीस कोर' या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक संस्थेमध्ये सेवेचा काळ २७ महिन्यांचा असून, सुरुवातीच्या सुमारे तीन महिन्यांच्या प्रशिक्षणात स्वयंसेवक सामान्यतः स्थानिक कुटुंबात राहतात. भाषा वर्गापेक्षा स्वयंपाकघरात लवकर येते, हा अनुभव या नियमामागे आहे.

बडोद्यात ही भाषेची बाब फार वेगळे रूप घेते. गायकवाडांच्या काळापासून दांडिया बाजार, रावपुरा या भागांत मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. गुजरातेत जायचे म्हणून चार गुजराती वाक्ये पाठ करून आलेल्या तरुणीला अशा घरात पाऊल टाकताच मराठी ऐकू येते, दारावरच्या भाजीवाल्याशी घरच्या काकू गुजरातीत बोलतात आणि कामाच्या ठिकाणी हिंदी व इंग्रजी चालते. शेजारीण तिच्या नावापुढे 'बेन' लावते, तर घरातली मुले तिला 'ताई' म्हणतात. हा गोंधळ पहिले पंधरा दिवस थकवणारा असतो; पण एकाच घरात दोन भाषा सहज नांदताना पाहणे हे या शहराचे खरे देणे आहे. श्री अरविंद १८९३ ते १९०६ या काळात बडोदे संस्थानाच्या नोकरीत होते आणि त्यातील काही काळ दांडिया बाजारातील खासेराव जाधव यांच्या घरी राहिले. ते नोकरीसाठी आले होते, स्वयंसेवेसाठी नव्हे. तरी मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषा त्यांनी याच मुक्कामात आत्मसात केल्या, हे येथे नोंदवण्याजोगे आहे.

पाहुणा घरचा कधी होतो, हा या सहवासातील कळीचा प्रश्न आहे. पहिल्या आठवड्यात त्याला हात पुसायला स्वच्छ टॉवेल दिला जातो, आग्रहाने वाढले जाते आणि ताट उचलू दिले जात नाही. तो प्रत्येक पोळीला 'थँक्यू' म्हणतो आणि आजींना ते परकेपणाचे वाटते, कारण मराठी घरात वाढणाऱ्याचे आभार मानत नाहीत, 'भाजी छान झालीय' म्हणतात. नंतर एखाद्या संध्याकाळी काकू त्याच्यापुढे मटारच्या शेंगांचे ताट सरकवतात आणि काही न बोलता स्वतः सोलू लागतात. बदल होतो तो इथे. ज्या घरांत स्वयंसेवकाला शेवटपर्यंत काहीच काम सांगितले जात नाही, तिथे आदरातिथ्य उत्तम असते, पण जवळीक होत नाही. कुटुंब निवडताना प्रशस्त खोलीपेक्षा कामात सामील करून घेण्याची वृत्ती पाहावी, असे म्हणणे म्हणूनच योग्य ठरते.

घराबाहेरचे सामाजिक जीवनही प्रथम यजमानांच्या ओळखीतूनच उलगडते. रविवारची सेव-उसळ, सुरसागर तलावाकाठचा फेरफटका, गणपतीतली दर्शने, कोणाच्या तरी साखरपुड्याचे आमंत्रण, या सर्व ठिकाणी स्वयंसेवक 'आमच्याकडे राहतो तो' या ओळखीने वावरतो. नवरात्रात घरात घट बसलेला असतो आणि रात्री सारे गरब्याला निघतात. घरातल्या मुली परदेशी तरुणीला आपला चणियाचोळी नेसवतात, आणि पावले चुकली तरी फेर तिला पुढे ओढून नेतो. या दाराने अनेक माणसे भेटतात, पण त्या दाराला मर्यादाही आहे. यजमानांच्या वर्तुळाबाहेरची मैत्री, विशेषतः तरुण मुलामुलींची, चौकशीचा विषय होते. रात्री किती वाजता परतायचे, यावर सर्वाधिक खटके उडतात. पंचविशीतल्या युरोपीय स्त्रीला ही चौकशी पाळत वाटते. जागे राहणाऱ्या काकांना ती जबाबदारी वाटते. दोघेही आपापल्या जागी खरे असल्याने उपाय एकच उरतो, तो म्हणजे पहिल्याच आठवड्यात वेळ, किल्ली आणि फोन यांविषयी स्पष्ट बोलून घेणे. गुजरातेत दारूबंदी असल्याने तो विषयही तेव्हाच काढावा, नंतर नव्हे. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची नोंद सरकारकडे कळवावी लागते. हे काम संस्थेवर न सोडता कुटुंबाने स्वतः पाहावे.

उलट दिशेचा प्रवासही होतो. जर्मनीच्या 'वेल्टवेर्ट्स' या २००८ मध्ये सुरू झालेल्या योजनेत पुढे इतर देशांतील तरुणही जर्मनीत सेवेसाठी जाऊ लागले. बडोद्यातील मराठी घरातून तिकडे गेलेल्या मुलाला संध्याकाळी गरम वरण-भाताऐवजी पाव, चीज आणि काकडीचे काप असलेले थंड जेवण मिळते, आणि पहिले काही दिवस त्याला वाटते की खरे जेवण अजून यायचे आहे. त्या घरात कोणी आग्रह करीत नाही. एकदा 'नको' म्हटले की ते खरे मानले जाते, आणि पहिल्या आग्रहाला 'नको' म्हणून दुसऱ्याची वाट पाहण्याची सवय असलेला मुलगा उपाशी उठतो. शाकाहाराबद्दलही आधी लेखी कळवणे आवश्यक असते. घरून त्याने नेलेला चिवड्याचा डबा मात्र सर्वांच्या पसंतीस उतरतो, आणि बोलण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

काही वेळा जुळतच नाही. आजारी माणूस असलेले घर, फुकट इंग्रजी शिकवणीची अपेक्षा, किंवा सतत खोलीत बसणारा स्वयंसेवक, अशी कारणे असतात. अशा वेळी संस्थेला सांगून घर बदलण्यात कोणाचाच अपमान नाही, आणि हे दोन्ही बाजूंना आरंभीच सांगितलेले असावे.

जुळले असेल तर निघण्याच्या दिवशी हातावर दही दिले जाते. तोपर्यंत स्वयंसेविकेला 'जाते' म्हणायचे नसते, 'येते' म्हणायचे असते, हे कळलेले असते. पुढे घरातल्या लग्नाची पत्रिका परदेशी पत्त्यावर जाते, आणि पाहुण्यांच्या यादीत तिचे नाव नातेवाइकांमध्ये लिहिलेले असते.