पिंग जातंय, फाइल अडकतेय

'सोर्स कोड खुला आहे ना? मग दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेऊन कंपाइल केला की झालं!' आयटीत मुरलेली माणसंही हे सहज बोलून जातात. एखाद्या साध्या कॅल्क्युलेटरपुरतं ते खरंही आहे. पण व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी माहिती गुप्त बोगद्यातून नेणारी सोय) थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, बसवायचा म्हटलं की दमछाक होते. वायरगार्ड या व्हीपीएनचंच बघा.

जेसन डोनेनफेल्ड यांचं हे सॉफ्टवेअर जेमतेम ४,००० ओळींचं. मार्च २०२० मध्ये ते लिनक्स कर्नलच्या ५.६ आवृत्तीत आलं आणि त्याच वर्षी मॅट डनवूडी यांच्या मेहनतीने ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्येही पोचलं. घोळ झाला तो तिच्याच घराण्यातल्या फ्रीबीएसडीत. तिथे दुसऱ्याच कुणी लिहिलेला कोड आधीच दाखल झाला होता. मार्च २०२१ मध्ये, १३.० आवृत्ती तोंडावर आलेली असताना, डोनेनफेल्ड, डनवूडी आणि फ्रीबीएसडीचे काइल इव्हान्स यांनी तो उघडून पाहिला. एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांची (धाग्यांची) शर्यत लपवायला मध्येच घातलेले 'स्लीप', म्हणजे 'जरा थांब' असे आदेश, काहीही न तपासता 'बरोबर' म्हणून मोकळी होणारी फंक्शन्स, बफर ओव्हरफ्लो (राखीव जागेबाहेर सांडणारी माहिती) असं बरंच काही निघालं. तिघांनी आठवड्याभरात बहुतेक सगळं नव्याने लिहून काढलं. तरीही १३.० वायरगार्डशिवायच बाहेर पडली, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं होतं.

आता गंमत अशी की गुप्तलिपीचं गणित सगळीकडे तेच असतं. बदलतं ते कर्नल पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा गठ्ठा) हातात कसं धरतो, ते. लिनक्समध्ये पॅकेटचा मजकूर अनेकदा सलग मेमरीत मिळतो. बीएसडी घराण्यात तो 'एमबफ'मध्ये असतो: मालगाडीच्या डब्यांसारखे एकमेकांना जोडलेले छोटे तुकडे. फ्रीबीएसडीत साधा एमबफ २५६ बाइटचा, आणि त्यातली काही जागा त्याच्या स्वतःच्या नोंदींतच जाते.

वायरगार्डची गुप्तलिपी चाचा-२०. ती किल्ली आणि मोजणीचा आकडा घेऊन ६४-६४ बाइटचे ठोकळे तयार करते आणि मजकुराशी त्यांचा एक्सऑर होतो, म्हणजे बिटला बिट लावून दोन्ही मिसळले जातात. छेडछाड पकडणारं पॉली-१३०५ मात्र १६-१६ बाइटने चालतं. समजा पहिल्या तुकड्यात १५० बाइट आहेत. ६४ चे दोन ठोकळे संपले, तिसऱ्यातले २२ वापरले गेले. उरलेले ४२ जपून ठेवून पुढच्या तुकड्याच्या पहिल्या ४२ बाइटना लावायला हवेत. पॉलीचा हिशोब वेगळाच: १६ चे नऊ गट झाले, ६ बाइट उरले, त्यांना पुढच्या तुकड्यातल्या १० बाइटची वाट पाहावी लागते. दोन्ही हिशोब एकाच वेळी, प्रत्येक सांध्यावर.

ते ४२ बाइट टाकून देऊन नवा ठोकळा सुरू केला, तर? पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतंय का हे पाहणारा छोटा संदेश) छान जातं, कारण ते एकाच तुकड्यात मावतं. मोठी फाइल पाठवली की पलीकडे कचरा उतरतो. दोन्ही टोकांना हाच कोड असेल आणि तुकडे योगायोगाने तसेच पडले, तर तेही कळत नाही. म्हणून अशा वेळी पलीकडे लिनक्स ठेवून तपासावं. सगळं एका सलग बफरमध्ये कॉपी करून घेणं हा सोपा मार्ग, पण त्याची किंमत प्रत्येक पॅकेटमागे मोजावी लागते. इथे प्रोटोकॉल (वायरगार्डचे संवादाचे नियम) जाणणारा एकटा पुरत नाही आणि कर्नल जाणणाराही पुरत नाही.

जाता जाता, व्हीपीएनच्या जाहिरातींत 'मिलिटरी ग्रेड' नावाचा एक मंत्र असतो, जणू गुप्तलिपी हे लष्करी गुपितच. चाचा-२० पूर्णपणे जाहीर आहे, कुणीही वाचावी. आणि व्हीपीएन लावला म्हणजे आपण अदृश्य होत नाही. इंटरनेट कंपनीला जे दिसत होतं, त्यातलं बरंचसं आता व्हीपीएनवाल्याला दिसतं, एवढंच.

फ्रीबीएसडीत वायरगार्ड अखेर एप्रिल २०२३ मध्ये, १३.२ आवृत्तीबरोबर आलं. त्यात डब्यांच्या सांध्यांचा तो हिशोब वायरगार्डने स्वतःकडे ठेवलेला नाही. कर्नलमध्ये आधीपासून असलेल्या गुप्तलिपीच्या सामायिक (क्रिप्टो) यंत्रणेकडे तो सोपवला आहे. कर्नलमधलं टीएलएसही (वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणारी पद्धत) तीच यंत्रणा वापरतं.