माळरानावरची मुलगी : तैलरंगांचा संच घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

संचातली प्रिंट फ्रेंच चित्रकार विल्यम बुगरो यांच्या 1889 सालच्या 'द शेफर्डेस' या चित्राची आहे. अनवाणी मुलगी, खांद्यांवर आडवी धरलेली काठी, मागे चरणारी गुरं. मूळ चित्र अमेरिकेत, टल्सा शहरातल्या फिलब्रूक संग्रहालयात आहे.

नवशिक्याला एवढं अवघड चित्र का, असं बरेच जण विचारतात. नक्कल करताना मांडणीची चिंता उरत नाही, म्हणून. चेहरा, हात, पाय, कापड, गवत, आकाश असं सगळं एकाच कॅनव्हासवर हाताखालून जातं.

प्रिंट आणि कॅनव्हास दोन्ही 18 बाय 30 इंचांचे आहेत. दोन्हींवर तीन-तीन इंचांचे चौकोन आखा, म्हणजे आडवे 6 आणि उभे 10. कोळशाने रेखाटन करा. मग ते प्रिंटसह उलटं धरून पाहा. चुकलेला खांदा लगेच डोळ्यात भरतो.

पहिले हात एकट्या बर्न्ट अंबरचे (गडद तपकिरी रंग), टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रंगाचे. छायाप्रकाश इथेच लागला पाहिजे. तो चुकला तर पुढे कितीही महागडा रंग लावा, चेहरा सपाटच राहणार. डोळ्यांपासून सुरुवात करण्याचा मोह सगळ्यांना होतो. आमचं म्हणणं, आधी आकाश आणि गवत भरून घ्या. शेजारचा रंग बसल्याशिवाय त्वचा किती उजळ ठेवायची ते कळतच नाही. त्वचेसाठी यलो ऑकर (मातकट पिवळा), लाइट रेड (विटकरी लाल) आणि टायटॅनियम व्हाइट (पांढरा) पुरतात. सावलीत काळा घालू नका, रंग मळतो. किंचित अल्ट्रामरीन (गडद निळा) घाला. उघड्यावर सावलीच्या भागावर आकाशाचा निळसर उजेड पडतो, तो त्यातून येतो.

खालचे थर टर्पेंटाइनचे, वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्यायचं. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. जास्त तेलाचा थर सावकाश वाळतो. तो खाली राहिला आणि वरचा आधी कडक झाला, तर पुढे भेगा पडतात. अंबर लवकर वाळतो, पांढरा रेंगाळतो. पावसाळ्यात तर घाईच करू नका. बोटाला चिकटत असेल तर थांबा.

तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि बोळ्यात ती कोंडली की चिंध्या आपोआप पेटू शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी हवी. ते मोरीत ओतू नका.

बुगरो 1905 साली वारले, त्यामुळे भारतात या चित्रावर स्वामित्वहक्क उरलेला नाही. तुमची प्रतिकृती विकलीत तरी चालेल. फक्त सही स्वतःची करा आणि कॅनव्हासच्या मागे 'प्रतिकृती' असं लिहा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून नक्कल करणाऱ्यांनाही मूळ सही उतरवता येत नाही, शिवाय आकार मुळापेक्षा वेगळा ठेवावा लागतो.

वार्निश सहा महिन्यांनी, थर जाड असतील तर वर्षाने. तोवर चित्र कपाटात कोंडू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. पडलंच, तर काही दिवस उजेडाच्या भिंतीवर लावा, पिवळेपणा बराचसा उतरतो.