ठाण्याच्या सरासरीत बुडालेला मोखाडा

मे महिन्यातली दुपार. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर टँकर आला आणि त्यानं पाणी ना हंड्यांत भरलं, ना टाकीत. पाइप थेट विहिरीत सोडला. विहिरीचा तळ उघडा पडला होता. काठावर तीस-चाळीस बाया दोर हातात धरून तयार उभ्या. धार पडायला लागली तशा बादल्या, डबे, तोंड कापलेले तेलाचे कॅन एकदम खाली गेले. टँकर गेला आणि थोड्याच वेळात विहीर पुन्हा गाळावर आली. हंड्यातलं पाणी चहाच्या रंगाचं होतं. ते पदराच्या चौघडीतून गाळायचं, मग घरी जायचं.

इथे पाऊस पडत नाही म्हणावं तर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. माण-आटपाडीच्या शेतकऱ्याला हा आकडा सांगितला तर तो थट्टा समजेल. अडचण खडकाची आहे. काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, हा लाव्हाचे थर एकावर एक थिजून तयार झालेला खडक. त्याच्या घट्ट थरात पाणी मुरायला जागाच नसते. जे काही साठतं ते वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. त्यात उतार तीव्र, त्यामुळे पावसाळा सरल्यावर तेही पाणी झऱ्या-ओढ्यांवाटे खाली निघून जातं. होळीच्या सुमारास विहिरी खडखडायला लागतात. पावसाची वार्षिक सरासरी मात्र जुलैचं पाणी मे महिन्याच्या खात्यावर जमा करून मोकळी होते. याच तालुक्यात कोचाळे इथे मध्य वैतरणा धरण आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं.

आता एक साधा प्रश्न. हा पाडा २०१२ साली कुठल्या जिल्ह्यात होता? ठाणे जिल्ह्यात. आणि त्या वर्षीच्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात ठाणे जिल्ह्याचा क्रमांक राज्यात तिसरा होता. आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न मिळून शून्य ते एक या पट्टीवर काढलेला मानव विकास निर्देशांक असा होता: मुंबई ०.८४१, पुणे ०.८१४, ठाणे ०.८००. राज्याचा निर्देशांक ०.७५२.

म्हणजे अहवाल खोटा होता का? अजिबात नाही. हिशेब करून बघू. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, सुमारे १ कोटी १० लाखांचा. त्यात जव्हार तालुका १ लाख ४० हजारांचा, मोखाडा ८३ हजारांचा. दोन्ही मिळून जिल्ह्याचे जेमतेम २ टक्के. ढोबळ मानाने असं धरू की या दोन तालुक्यांचा निर्देशांक ०.८०० नव्हे, ०.५०० होता. मग उरलेल्या जिल्ह्याचा किती निघेल? ०.८०६. दोन तालुक्यांतली सगळी उपासमार, सगळे टँकर आणि सगळी गळती झालेली शाळकरी मुलं मिळून ठाण्याची सरासरी दशांशचिन्हानंतरच्या तिसऱ्या घरात हलवतात. हे तेच जव्हार, जिथल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी १९९२ मध्ये राज्य हादरलं होतं.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्या दिवशी मोखाड्यात एकही विहीर वाढली नाही की आटली नाही. नकाशावर रेघ ओढली गेली आणि कालपर्यंत पुढारलेल्या जिल्ह्यात गणली जाणारी माणसं एका रात्रीत ‘मागास भागा’त आली. भूगोलाच्या अभ्यासकांना हा घोळ चांगला ठाऊक आहे. आकडेवारी तीच ठेवून केवळ क्षेत्रांच्या सीमा बदलल्या, तरी निष्कर्ष बदलतो. मतदारसंघांची पुनर्रचना झाली की पुढारी का घामाघूम होतात, तेही याच कारणानं.

एकदा हे लक्षात आलं की राज्याच्या नकाशाकडे वेगळ्या नजरेनं बघावं लागतं. २०१२ च्या त्याच अहवालात तळाचे दोन जिल्हे होते नंदुरबार (०.६०४) आणि गडचिरोली (०.६०८). नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून निघालं, गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून. दोन्ही मोठ्या जिल्ह्यातून तोडलेले. विभाजनानं ते गरीब झाले नाहीत, ते दिसू लागले. नीती आयोगाच्या २०२१ च्या बहुआयामी दारिद्र्य अहवालात राज्यातले सुमारे १५ टक्के लोक गरीब होते, नंदुरबारमधले ५२ टक्के. आणि नंदुरबारच्या पोटातही पुन्हा तोच प्रकार आहे: खाली तापीकाठी शहाद्याची केळी आणि ऊस, वर सातपुड्यात धडगाव-अक्कलकुवा.

पालघरचंही तसंच झालं. नव्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख. त्यातले साडेतेरा लाख एकट्या वसई तालुक्यातले, म्हणजे ४५ टक्के. जव्हार-मोखाड्याचा वाटा २ टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर आला, हे खरं. पण जिल्ह्याची सरासरी अजूनही विरार लोकलमधून प्रवास करते.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. ‘अनुशेष’ हा शब्द आपल्याकडे विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत चालतो, आणि त्याच्यामागे एक चक्क सांख्यिकी पद्धत आहे. १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. समितीनं सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य अशी नऊ क्षेत्रं घेतली. प्रत्येकात राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला लागणारा खर्च म्हणजे त्याचा अनुशेष. बेरीज निघाली ३,१८६.७८ कोटी रुपये: विदर्भ ३९ टक्के, मराठवाडा साडेतेवीस, उर्वरित महाराष्ट्र ३७. पद्धत स्वच्छ होती, कुणालाही पडताळता येईल अशी. मला तर ती आजही आपल्याकडच्या कित्येक चकचकीत निर्देशांकांपेक्षा प्रामाणिक वाटते. पण एकक जिल्हा होतं, आणि मापाची काठी सरासरीची होती.

पुढे नव्या समितीनं १९९४ ची स्थिती धरून मोजलं तेव्हा अनुशेष १४ हजार कोटींवर गेलेला होता. त्यात विदर्भाचा वाटा ४७ टक्क्यांवर पोचला होता. महागाईचा भाग मोठा आहेच. १९८० च्या दशकातला रुपया आणि १९९४ चा रुपया एक नव्हे. तरी सरासरीच्या काठीचा एक खोडसाळ गुण इथे समजून घेण्यासारखा आहे. समजा दोनच जिल्हे आहेत. एकात दर हजार हेक्टरला २० हेक्टर सिंचन, दुसऱ्यात ८०. सरासरी ५०, मागच्याचा अनुशेष ३०. दहा वर्षांनी पहिला ३० वर गेला, दुसरा ११० वर. आता सरासरी ७०, अनुशेष ४०. मागचा जिल्हा ५० टक्क्यांनी वाढला, पुढचा साडेसदतीस टक्क्यांनी. म्हणजे मागचा जास्त वेगानं धावला आणि तरी अंतर वाढलं. पालकमंत्री म्हणणार विषमता घटली, कारण चौपट फरक पावणेचारपटीच्या आत आला. विरोधक म्हणणार वाढली. दोघेही खरं बोलत असतात, म्हणून ती चर्चा कधी संपत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली, त्यांची १६९ लक्ष्यं, मुदत २०३०. त्यातलं मुख्य वचन असं की मागे कुणी राहणार नाही. भारतात नीती आयोग याचा गुणांक काढतो. २०१८ मध्ये देशाला १०० पैकी ५७ गुण होते, २०२३-२४ मध्ये ७१. प्रगती झाली आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण गुणांक हीसुद्धा सरासरीच, आणि इथे ती दोनदा घेतलेली: आधी माणसांची, मग उद्दिष्टांची. विजेत ९० गुण आणि पोषणात १० मिळाले की साधी सरासरी ५०. विजेनं पोषणाची बाजू सांभाळून घेतली. गुणाकार करून वर्गमूळ काढलं, म्हणजे भूमितीय सरासरी घेतली, तर उत्तर येतं ३०. मानव विकास निर्देशांकानं २०१० मध्ये नेमका हाच बदल केला, एका विषयातली नापासी दुसऱ्यात झाकली जाऊ नये म्हणून.

नुसतं सूत्र बदलून भागत नाही, आधी काय मोजायचं तेही ठरवावं लागतं. नळजोडणी आहे की नाही, हा प्रश्न होय-नाहीचा आहे. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. नळ बसला की रकान्यात ‘होय’ पडतं, आणि मे महिन्यात त्या कोरड्या नळावर चिमणी बसली तरी ‘होय’ तसंच राहतं.

मग थेट तालुका, पाडा का मोजत नाही? इथे अडचण खरोखर शास्त्रीय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतली सुमारे ६ लाख ३७ हजार घरं होती, म्हणजे जिल्ह्याला सरासरी ९००. पालघरच्या लोकसंख्येत मोखाड्याचा वाटा पावणेतीन टक्के. त्या हिशेबानं तालुक्याच्या वाट्याला पंचवीसेक घरं येतात. त्यातल्या दहा घरांत काही अडचण आढळली तर तालुक्याचा आकडा ४० टक्के असं म्हणता येईल, पण खरा आकडा २० ते ६० यांमध्ये कुठेही असू शकतो. एवढ्या ऐसपैस उत्तरावर कुणी निधी वाटणार नाही. शेजारच्या तालुक्यांची माहिती, जनगणना, उपग्रहानं टिपलेले रात्रीचे दिवे असं सगळं एकत्र करून छोट्या क्षेत्राचा अंदाज बांधायच्या पद्धती आहेत आणि त्या सुधारत आहेत. पण उपग्रहाला विहिरीचा तळ दिसत नाही. धोरणातही एकक हळूहळू खाली सरकतं आहे: २०१८ मध्ये केंद्रानं ११२ ‘आकांक्षित’, म्हणजे मागे पडलेले म्हणून खास लक्ष द्यायचे, जिल्हे निवडले, त्यात राज्यातले नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि धाराशिव, २०२३ मध्ये ५०० आकांक्षित तालुके.

या सगळ्या मापनाचा पाया मात्र जनगणनाच. वर दिलेले लोकसंख्येचे आकडे २०११ चे आहेत, कारण त्यानंतर जनगणना झालेलीच नाही. पुढची होणार आहे फेब्रुवारी २०२७ मध्ये. मागचीही फेब्रुवारीतच होती.

फेब्रुवारीत मोखाड्यातल्या पाड्यांवर गेलात तर ओळीनं बंद घरं दिसतात. भात आणि नागली निघाली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं पोराबाळांसकट वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. दाराला काटेरी फांदी आडवी लावलेली असते. शेजारच्या म्हातारीला विचारलं तर ती हातानं पश्चिमेकडे दाखवते आणि म्हणते, “आगोटीला येतील.” म्हणजे पावसाच्या तोंडाला. जनगणनेचा नियम असा की मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नाही, त्याला तो जिथे सापडेल तिथे मोजायचं. म्हणजे ही माणसं भट्टीवर मोजली जातात. मोखाड्याचे ते ८३ हजार यांना वगळून आलेले असणार, आणि भिवंडीच्या भट्टीवर मोजलेलं माणूस आजही ठाणे जिल्ह्याच्या सरासरीत जातं.