मेंदूच्या शस्त्रक्रियेआधीचे कागद: सोलापुरात अर्ज नेमके कुठे अडतात

मेंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की घरच्यांच्या हातात दोन कागद पडतात. एक असतो जोखमीच्या संमतीपत्राचा, ज्यावर सही करताना हात थरथरतो, आणि दुसरा खर्चाच्या अंदाजपत्रकाचा. पहिला कागद डॉक्टर समोर बसवून समजावतात. दुसऱ्यासाठी मात्र घरातला कोणी तरी भाऊ किंवा जावई आठवडाभर एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहतो. पात्रता असूनही आर्थिक मदतीचे अर्ज परत येतात, कारण कागद चुकीच्या दिवशी किंवा चुकीच्या टेबलावर पोहोचलेला असतो. म्हणून येथे सोप्या पायऱ्या थोडक्यात सांगितल्या आहेत आणि अडणाऱ्या जागा सविस्तर.

पहिला मार्ग मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. २ जुलै २०१२ रोजी ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. तरीही ही योजना फक्त पिवळ्या आणि केशरी कार्डांसाठी आहे, असे आजही अनेक जण समजतात आणि पांढरे कार्ड घेऊन चौकशीलाही जात नाहीत. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही योजनेत घेतले असून संरक्षण प्रतिवर्षी प्रतिकुटुंब ५ लाख रुपये केले आहे. ही रक्कम साऱ्या कुटुंबाची मिळून असते, त्यामुळे त्याच वर्षी घरातील दुसऱ्या कोणावर योजनेतून मोठे उपचार झाले असतील, तर किती शिल्लक आहे ते आधी विचारून घ्यावे. सीमाभागातील ८६५ गावांनाही योजनेचा लाभ आहे, हे अक्कलकोटपलीकडच्या नातेवाइकांना आवर्जून कळवावे.

अर्ज रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे करायचा असतो. शिधापत्रिका, रुग्णाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि तपासण्यांचे अहवाल एवढेच कागद लागतात, पण अडचण शिधापत्रिकेपासूनच सुरू होते. ट्रंकेत जपून ठेवलेले, घड्यांवर फाटलेले जुने कार्ड पुरत नाही. ते ऑनलाइन नोंदलेले असावे लागते आणि त्याला बारा अंकी क्रमांक असावा लागतो. तो नसेल तर शहरातील कुटुंबांनी अन्नधान्य वितरण कार्यालयात आणि तालुक्यातील कुटुंबांनी तहसीलच्या पुरवठा शाखेत रुग्णाच्या दाखल असल्याच्या कागदासह लगेच अर्ज द्यावा. रुग्णाचे नाव कार्डावर आहे का, हेही त्याच दिवशी पाहावे. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डावर राहून गेलेले असते आणि नेमकी तीच आजारी पडते.

दुसरी अडचण नावाची, आणि ती आपल्या शहरात फार आहे. पूर्व भागातील तेलुगूभाषक घरांत कार्डावर ‘लक्ष्मीबाई’ आणि आधारवर ‘लक्ष्मम्मा’ असते, आडनाव एका कागदावर आधी तर दुसऱ्यावर शेवटी येते. अशा वेळी आधारच्या दुरुस्तीसाठी धावत बसण्याआधी मतदार ओळखपत्र, पॅन कार्ड, वाहन परवाना, फोटो असलेले बँक पासबुक असे सगळे कागद एकत्र मांडून शिधापत्रिकेशी जुळणारे नाव कशावर आहे ते शोधावे आणि तेच पुढे करावे. एका विडी कामगार बाईंच्या मुलाने तीन दिवस आधार केंद्रात घालवले. मतदार ओळखपत्रावरचे नाव कार्डाशी अक्षरशः जुळत होते, पण ते बघायला त्याला कोणी सांगितलेच नव्हते. विड्या वळून बोटे झिजलेल्या रुग्णांचा अंगठा उठत नाही, त्यामुळे ओळख पटवायला दुसरा कोणता पर्याय चालेल, हे आरोग्यमित्राला पहिल्याच भेटीत विचारावे.

कागद दिले म्हणजे काम झाले, असे समजू नये. रुग्णालय मंजुरीसाठी प्रकरण वर पाठवते आणि तिथून बहुधा क्वेरी येते: एमआरआयची फिल्म जोडलेली नाही, अहवालावर सही नाही, असे काहीतरी. तिचे उत्तर डॉक्टरांनी द्यायचे असते, पण ती आल्याचे नातेवाइकांना कोणी कळवत नाही आणि शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली जाते. रुग्णाची वाचा जात असताना ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढेच उत्तर मिळणे हा अन्याय आहे, म्हणून रोज सकाळी जाऊन ‘क्वेरी आली आहे का’ हेच शब्द वापरून विचारावे. उत्तर मिळत नसेल तर १५५३८८ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

सर्वांत जास्त नुकसान ‘आधी पैसे भरू, नंतर योजनेतून परत मिळतील’ या समजुतीने होते. या योजनेत भरलेले पैसे मागाहून परत मिळवण्याची सोय नाही, मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते. अपघातात डोक्यात रक्त साचले आणि रात्रीच शस्त्रक्रिया करावी लागली, तर कागदांसाठी एक मिनिटही थांबू नये. अशा वेळी रुग्णालय दूरध्वनीवरून तातडीची मंजुरी घेऊ शकते. नातेवाइकांनी दाखल करतानाच ‘योजनेतून करायचे आहे’ असे स्पष्ट सांगावे आणि कागद दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचवावेत.

उपचार योजनेत बसत नसतील किंवा रुग्णालय योजनेत नसेल, तर मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे अर्ज करता येतो. मेंदूचे आजार त्याच्या यादीत आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांपेक्षा कमी असावे लागते, रुग्णालय निधीकडे नोंदलेले असावे लागते आणि रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा आणि चालू आर्थिक वर्षाचा हवा. मार्चमध्ये काढलेला दाखला एप्रिलच्या अर्जाला जोडल्याने कित्येक अर्ज परत आले आहेत.

खासगी रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांचे (सिव्हिल सर्जनचे) प्रमाणन लागते, आणि सोलापुरात हमखास घोटाळा होतो तो इथेच. लोक ‘सिव्हिल सर्जन’ हा शब्द ऐकून सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात जातात. ते रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले असून त्याचे प्रमुख अधिष्ठाता आहेत. जिल्हा शल्यचिकित्सक हे वेगळे पद आहे आणि त्यांचे कार्यालयही वेगळे आहे. रांगेत उभे राहण्याआधी हे विचारून घेतले, तर एक पूर्ण दिवस वाचतो.

रुग्णालय धर्मादाय न्यासाचे असेल, तर तिसरा मार्गही आहे. अशा रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. ही मागणी दाखल होतानाच रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे लेखी करावी आणि पोच घ्यावी. खाट नाही असे सांगितले गेल्यास धर्मादाय आयुक्तांच्या सोलापूर कार्यालयात तक्रार करता येते.

घरातील दोन माणसांनी कामे वाटून घ्यावीत: एकाने रुग्णाजवळ थांबावे, दुसऱ्याने सर्व कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स घेऊन कार्यालये पाहावीत. संमतीपत्रावर सही करणारा माणूस शक्यतो रुग्णाजवळचाच असावा, कारण डॉक्टर बोलावतील तेव्हा तो तहसीलच्या रांगेत अडकलेला नसावा.