नोट खरी कशावरून? भारतीय नोटेवरच्या खुणांची पार्श्वभूमी

चांदीचा रुपया दगडावर टाकला की वाजायचा. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर हिणकस. पेशवाईत चांदवडी, अंकुशी, हाली सिक्का असे कितीतरी रुपये एकाच बाजारात फिरत आणि सराफ प्रत्येकाचे वजन, कस पाहून बट्टा ठरवी. पारख करणारा माणूस समोर बसलेला असे आणि पारखायची वस्तू स्वतःच आवाज देत असे. कागदाला आवाज नाही आणि वजनही नसल्यासारखेच. म्हणून सरकारने कागदाचा रुपया काढला त्या दिवसापासून एक प्रश्न त्याच्या मागे लागला: ही नोट खरी आहे, हे घेणाऱ्याने ओळखायचे कशावरून? आज पाचशेच्या नोटेवर जी गर्दी दिसते, त्यातली बरीचशी या एका प्रश्नाला वेळोवेळी दिलेली उत्तरे आहेत.

१८६१ पूर्वी बँक ऑफ बेंगॉल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास या तीन इलाख्यांच्या बँका आपापल्या नोटा काढत. त्या वर्षीच्या कागदी चलन कायद्याने हा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला आणि व्हिक्टोरिया राणीचे छोटे चित्र असलेल्या नोटा आल्या. त्या एकाच बाजूने छापलेल्या होत्या, मागची बाजू कोरी. कागद इंग्लंडमधल्या लेव्हरस्टोकच्या गिरणीत हाताने गाळलेला. सुरक्षेची सगळी भिस्त तीन गोष्टींवर होती: कागदातले जलचिन्ह (उजेडात धरल्यावर दिसणारी खूण), छापील सही आणि नोटेच्या क्रमांकाची सरकारी नोंद. म्हणजे खरेखोटे करायचे तर नोंदवही ज्याच्या हाताशी आहे त्यानेच करायचे. बाजारात उभ्या असलेल्या माणसाला त्यातले फारसे काही तपासता येत नव्हते.

नोट चालायचीही ठरावीक मंडळात, म्हणजे चलनासाठी आखून दिलेल्या भागात. मुंबई मंडळाची नोट कलकत्त्याची सरकारी तिजोरी वटवून देईलच असे नाही. लांबच्या गावी पैसे पाठवायचे तर टपालातल्या चोरीची भीती, म्हणून लोक नोट मधोमध फाडत. अर्धी आधी पाठवायची, पोचल्याचे पत्र आले की उरलेली अर्धी रवाना करायची. दोन तुकडे एकाच नोटेचे आहेत हे क्रमांकावरून जुळवायचे. सुरक्षेची ही युक्ती सरकारने नाही, लोकांनी काढली, हे मला फार मोलाचे वाटते.

व्हिक्टोरियाच्या नोटा सहा वर्षेही धड टिकल्या नाहीत. नकली नोटांचा सुळसुळाट झाला आणि १८६७ पासून नव्या नोटा आल्या. यांच्या अक्षरांखाली रंगीत नक्षीचा थर होता. एका रंगाची नक्कल करणे सोपे, एकावर एक आलेल्या दोन रंगांची अवघड, हा त्यामागचा हिशेब. याच काळात नोटेवरच्या भाषाही वाढत गेल्या. आधी दोन होत्या, पुढच्या मालिकेत चार झाल्या. भाषांची पाटी ही सजावट नव्हे. इंग्रजी न येणाऱ्याला हातातला कागद किती रुपयांचा आहे हे वाचता यावे, ही त्यातली पहिली कळकळ. आजच्या नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषांची उभी यादी असते. इंग्रजी नावांच्या अनुक्रमाने लावलेल्या त्या यादीत वरून आठवी ओळ मराठीची आहे. पुढे १९०३ ते १९११ या काळात एकेका किमतीची नोट देशभर वटण्याजोगी करण्यात आली आणि मंडळांचे कुंपण मोडले.

पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला. ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट निघाली, तिच्यावर पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचेच चित्र होते. लोकांच्या मनात रुपया म्हणजे नाणे, म्हणून कागदानेही नाण्याचा चेहरा घेतला. एक रुपयाच्या नोटेवर नाण्याचे चित्र अजूनही असते. ती नोट रिझर्व्ह बँक नव्हे, भारत सरकार काढते, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते आणि ‘अदा करण्याचे वचन’ तिच्यावर नसते.

तोवर या नोटा इंग्लंडमध्ये छापल्या जात होत्या. बोटीने नोटा आणायच्या म्हणजे वेळ, खर्च आणि जोखीम. १९२५ मध्ये नाशिक रोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली ती आधी टपाल तिकिटांसारख्या छपाईसाठी. १९२८ मध्ये शेजारीच नोटांची छपाई करणारी करन्सी नोट प्रेस उभी राहिली आणि १९३२ पर्यंत भारतातली प्रत्येक किमतीची नोट नाशिकला छापली जाऊ लागली. नाशिककर त्याला नुसते ‘प्रेस’ म्हणतात. ‘प्रेसमध्ये कामाला’ एवढे सांगितले की पुढे काही विचारावे लागत नाही. गंमत अशी की चांदवडी रुपया ज्या टांकसाळीतून निघायचा ते चांदवडही याच जिल्ह्यातले. फाळणीनंतर रिझर्व्ह बँक ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानचेही चलन सांभाळत होती, तेव्हा भारताच्याच नोटांवर पाकिस्तान सरकारचे नाव छापून त्या तिकडे पाठवल्या गेल्या, त्याही नाशिकच्या छपाईच्या.

छपाई देशात आली तरी कागद बाहेरूनच यायचा. नोटेच्या कागदाची गिरणी मध्य प्रदेशात होशंगाबादला, म्हणजे आजच्या नर्मदापुरमला, १९६८ मध्ये सुरू झाली. देवासच्या छापखान्याची भर १९७४ ची, आणि रिझर्व्ह बँकेच्या कंपनीचे म्हैसूर व सालबोनी इथले छापखाने १९९६ मध्ये चालू झाले.

रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली नोट, सहाव्या जॉर्जच्या चित्राची पाच रुपयांची, जानेवारी १९३८ मध्ये आली. यानंतरचा टप्पा युद्धाने घडवला. दुसऱ्या महायुद्धात जपानने भारतीय चलनाच्या अतिशय सफाईदार नकला केल्या. गल्लीतल्या ठकाने केलेली नक्कल आणि एका राष्ट्राने आपली यंत्रे लावून केलेली नक्कल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कागद, शाई, कारागीर, कशाचीच त्याला ददात नसते. त्याला तोंड देण्यासाठी १९४४ मध्ये दोन बदल झाले. जलचिन्हात राजाचा चेहरा एका बाजूने दिसायचा तो समोरून दाखवला गेला, आणि भारतीय नोटेत पहिल्यांदाच तार आली. सुरक्षा धागा हे तिचे कागदोपत्री नाव, पण दुकानात सगळे ‘तार’च म्हणतात. बँक ऑफ इंग्लंडने आपल्या एक पौंडाच्या नोटेत अशी तार चारच वर्षांपूर्वी, १९४० मध्ये, घातली होती.

तारेचे मर्म असे की ती छापलेली नसते. कागदाचा लगदा ओला असतानाच ती त्यात घातली जाते आणि कागद तिच्याभोवती तयार होतो. जलचिन्हाचेही तसेच. साच्याच्या जाळीवर जिथे उठाव असेल तिथे लगदा पातळ बसतो, जिथे खोलगट भाग असेल तिथे जाड. पातळ जागेतून उजेड जास्त येतो, जाड जागेतून कमी, आणि त्या छाया-प्रकाशातून चेहरा उमटतो. शाईचा थेंबही न वापरता काढलेले हे चित्र आहे. छापखाना कितीही चांगला असला तरी तयार कागदावर ते मागाहून काढता येत नाही. नकली नोटेत पांढुरक्या रंगाने जलचिन्हाचा आभास करतात. तो आभास नोट टेबलावर असतानाही दिसतो, आणि तिथेच पकडला जातो.

स्वातंत्र्यानंतर राजाच्या जागी गांधीजींचे चित्र घ्यावे असा विचार झाला, तशी रेखाटनेही तयार झाली. अखेर एकमत सारनाथच्या सिंहशीर्षावर झाले. पुढे हिंदी मजकूर ठळक झाला आणि अनेकवचन ‘रुपया’ की ‘रुपये’ यावरही वाद होऊन ‘रुपये’ ठरले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीच्या नोटांवर गांधीजी आले, मागे सेवाग्रामचा आश्रम. १९८७ मध्ये पाचशेची नोट आली तीही गांधीजींच्या चित्रासह, जलचिन्ह मात्र सिंहशीर्षाचेच राहिले. मधल्या काळात हिराकूड धरण, आर्यभट्ट उपग्रह, तेलविहीर अशी चित्रे येऊन गेली. ती देखणी होती, पण सुरक्षेच्या दृष्टीने या तीनचार दशकांत पाया फारसा हलला नाही.

पाया हलवला तो रंगीत झेरॉक्स आणि स्कॅनरने. तोवर नकली नोट करायला खोदकाम जाणणारा कारागीर लागत असे. नवी यंत्रे आली आणि कारागिराची गरजच संपली. काचेवर नोट ठेवली की रंग, नक्षी, सही, सगळे हुबेहूब. मग झेरॉक्सला जे जमत नाही ते नोटेत आणायचे, हे धोरण झाले आणि १९९६ मध्ये महात्मा गांधी मालिका आली. त्यातले चित्र १९४६ च्या एका छायाचित्रावरून घेतलेले आहे.

झेरॉक्स एकाच कोनातून, एकाच उजेडात आणि फक्त पृष्ठभाग पाहते. नव्या खुणा नेमक्या या तीन उणिवांवर बेतलेल्या होत्या. तार आता खिडक्यांची झाली: काही ठिकाणी कागदाच्या वर, काही ठिकाणी आत. टेबलावर तुटक दिसणारी ही रेघ उजेडात धरली की अखंड होते. सुप्त प्रतिमेत आकडा बारीक उठावाच्या रेघांनी काढलेला असतो आणि भोवतालच्या रेघा वेगळ्या दिशेने जातात. नोट डोळ्यांच्या पातळीला आडवी धरली तरच तो आकडा वर येतो. आणि उठावाची छपाई: कोरलेल्या पत्र्यातल्या खाचांमध्ये शाई भरून प्रचंड दाबाखाली कागद त्यात घुसवतात, म्हणून शाई कागदावर उभी राहते. करकरीत नोटेवर अंगठा फिरवला की जो खरखरीतपणा लागतो तो हाच. हजारावर हिऱ्याची, पाचशेवर वर्तुळाची, शंभरावर त्रिकोणाची, पन्नासवर चौकोनाची उंच खूण देऊन दृष्टिहीनांचाही विचार पहिल्यांदाच या मालिकेत झाला.

२००५ मध्ये आणखी भर पडली. जलचिन्हाशेजारी उजळ रेषांत किमतीचा आकडा आला, तार यंत्रालाही वाचता येईल अशी झाली आणि मागच्या बाजूला छपाईचे वर्ष आले. हे वर्ष किती उपयोगी पडले ते २०१४ च्या जानेवारीत कळले. २००५ पूर्वीच्या नोटा परत घ्यायचे रिझर्व्ह बँकेने ठरवले, तेव्हा लोकांना सांगायची खूण एकच होती: मागे वर्ष नाही ती जुनी. भिंग नको, दिवा नको. खुणेने असेच असावे.

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजाराच्या जुन्या नोटा रद्द झाल्या आणि नवी मालिका सुरू झाली. हे लिहिताना करड्या रंगाची पाचशेची नोट मी खिडकीशी धरली आहे. डावीकडे वरच्या बाजूला आणि उजवीकडे खाली क्रमांक, त्याचे आकडे लहानापासून मोठे होत जाणारे. मध्ये गांधीजी, शेजारी देवनागरीत ५००. तारेवर ‘भारत’ ही अक्षरे, नोट तिरपी केली की तार हिरव्याची निळी होते. खाली उजव्या कोपऱ्यातला रुपयाच्या चिन्हासह ५०० हा आकडाही तसाच रंग बदलतो. एका जागी पुढून अर्धा आणि मागून अर्धा छापलेला आकडा उजेडात जुळून पुरा होतो. मागे लाल किल्ला. विसाच्या नोटेमागे वेरूळची लेणी आहेत, हे महाराष्ट्रातल्या माणसाने एकदा तरी निरखून पाहावे.

एवढे सगळे असूनही या मालिकेत एक गोष्ट गमावली, आणि ती मला सलते. आधीच्या मालिकेत शंभरची नोट १५७ मिलिमीटर लांब होती, पाचशेची १६७, हजाराची १७७. प्रत्येक पायरी सेंटिमीटरभराची. नव्या मालिकेत शंभर १४२, दोनशे १४६ आणि पाचशे १५०. फरक चार मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याहूनही कमी, आणि तिन्हींची रुंदी एकच, ६६. एटीएमच्या पेट्या नव्या मापाला जुळवून घेता आल्या. वर्षानुवर्षे नोट बोटांत धरून लांबी मोजणाऱ्या दृष्टिहीन माणसाची बोटे कशी जुळवायची? शंभरच्या आणि पाचशेच्या कडांना उठावाच्या तिरप्या रेघा आहेत, शंभरला चार, पाचशेला पाच. पण उठावाच्या खुणा शंभर आणि त्यावरच्या नोटांनाच आहेत, दहा-वीस-पन्नासला नाहीत. शिवाय नोट हजार हातांतून गेली की शाईचा उठाव झिजून सपाट होतो. दृष्टिहीनांच्या संघटनेला यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली.

१ जानेवारी २०२० ला रिझर्व्ह बँकेने ‘मनी’ नावाचे मोबाइल अॅप आणले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून सांगते आणि त्याला इंटरनेट लागत नाही. सोय चांगली आहे. मात्र नोट खरी की नकली हे ते सांगत नाही, असे रिझर्व्ह बँकेनेच स्पष्ट केले आहे. ते अजूनही कडेच्या त्या चार-पाच रेघांवर बोट फिरवूनच ठरवावे लागते.