दुर्बिणीची शस्त्रक्रिया, खानदेशातील

पोटावर लांब छेद न घेता अर्धा ते एक सेंटिमीटरच्या तीन-चार छिद्रांतून कॅमेरा आणि लांब दांड्याची हत्यारे आत घालून, पडद्यावर पाहत केली जाणारी शस्त्रक्रिया. धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावी ती मुख्यतः जनरल सर्जनच्या हातची असते. सकाळी पित्ताशय काढणारा हाच डॉक्टर दुपारी मूळव्याध आणि रात्री अपघाताची केस पाहतो.

खेड्यापाड्यांत ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हटले की अजूनही अनेकांना कुटुंबनियोजनाची, नळ बंद करण्याची शस्त्रक्रियाच आठवते. गावोगावच्या शिबिरांमुळे हा शब्द तिलाच आधी चिकटला. ‘पिशवी काढली’ याचा अर्थही बायकांच्या बोलण्यात बहुधा गर्भाशय काढले असा असतो. म्हणून ‘पित्ताची पिशवी’ असे पूर्ण म्हणावे लागते आणि जुने ऑपरेशन नेमके कोणते, हे खोदून विचारावे लागते. हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. बेंबीपाशी जुना व्रण असेल तर आतडे आतून तिथे चिकटलेले असू शकते. मग पहिली सुई बेंबीतून न टोचता डाव्या बरगडीखालून जावे लागते किंवा डोळ्यांदेखत थर उघडत आत शिरावे लागते.

माणसाच्या पोटात दुर्बीण घालून पाहण्याचे काम स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनी १९१० मध्ये केले. दुर्बिणीने पित्ताशय प्रथम काढले ते जर्मनीत एरिख म्यूए यांनी, १२ सप्टेंबर १९८५ रोजी. भारतात हे काम १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी केले.

पोटात कार्बन डायऑक्साइड भरून १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब ठेवतात, त्यामुळे पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते. बहुधा पूर्ण भूल लागते. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा खरा कस त्याच्या मानेपाशी लागतो. तिथली चरबी सोलून दोनच नळ्या, एक पित्ताशयाची आणि एक त्याच्या रक्तवाहिनीची, थेट पित्ताशयात जाताना दिसल्याशिवाय त्या बंद करणारी क्लिप लावायची नाही. मुख्य पित्तनलिका चुकून कापली गेली तर रुग्णाचे आयुष्य पालटते. सूज फार असेल, काही ओळखू येत नसेल, तर पोट उघडणे हेच शहाणपणाचे. नातेवाइकांना ते अपयश वाटते, म्हणून उघडण्याची शक्यता आदल्या दिवशीच, संमतिपत्रावर सही घेताना समजावून सांगावी.

खानदेशातला एक प्रश्न मात्र शहरी पुस्तकांत कमी भेटतो. अक्कलकुवा, धडगाव या सातपुड्याच्या भागात भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. या आजारात लाल पेशी लवकर फुटतात, त्यातून तयार होणारे बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य वाढते आणि ऐन विशीत, कधी त्याही आधी, पित्ताशयात काळे खडे होतात. सोनोग्राफीत कमी वयात खडे दिसले की सिकलसेलची चाचणी करून घ्यावी, एवढी गोष्ट कुणी विसरू नये. अशा रुग्णाला थंडी, ऑक्सिजनची कमतरता आणि शरीरातले पाणी कमी होणे, तिन्ही घातक. मे महिन्याच्या उन्हात डोंगरातून एसटीने आलेला मुलगा आधीच सुकलेला असतो. त्याला रात्रभर उपाशी ठेवायचे तर सलाईन रात्रीच सुरू हवे, ऑपरेशन थिएटरचा एसी मंद हवा आणि रक्ताची सोय आधी हवी. भूलतज्ज्ञाशी हे सगळे आदल्या दिवशी बोलून ठेवावे लागते.

पोटातल्या क्षयरोगाच्या निदानालाही दुर्बीण फार उपयोगी पडते. पोटात पाणी झालेले असते, तपासण्यांतून उलगडा होत नाही. आत पाहिले की पोटाच्या अस्तरावर ज्वारीच्या कण्यांसारखे पांढुरके दाणे पसरलेले दिसतात. त्यातला एक तुकडा तपासणीला पाठवला की औषध कोणते, हे ठरते.

हर्नियाला दुर्बीण लागतेच असे नाही. केळीचे घड वाहणाऱ्या मजुराला कंबरेखाली भूल देऊन, बाहेरून जाळी बसवली तरी काम चोख होते आणि खर्चही कमी येतो. दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा जुना पुन्हा आला असेल, तर दुर्बिणीचा फायदा उघड आहे.

वीज गेली की पडदा काळा होतो, म्हणून जनरेटर आणि भरलेला जादा गॅस सिलिंडर पाहिल्याखेरीज भूल देऊ नये. खर्चाच्या बाजूने धुळे जिल्ह्याला लवकर आधार मिळाला. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत धुळे होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. धुळ्याच्या जोडीला जळगावात २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी रुग्ण चालू लागतो आणि विचारतो, ‘पोटनं आपरेशन, मंग खांदा काबर दुखस?’ उरलेला गॅस छातीखालच्या पडद्याला झोंबतो आणि तिथली नस खांद्याशी जोडलेली असते. एक-दोन दिवसांत ते थांबते. खडे बाटलीत घालून नातेवाइकांच्या हाती देतात. घरी गेल्यावर ताप आला, पोट फुगले किंवा डोळे पिवळे दिसले, तर टाके काढायच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी परत यायचे असते.