ॲनिमेतल्या जागा बघायला जपानला जाताय? आधी हे वाचून घ्या

शिनचॅन, डोरेमॉनसारखी ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, बघत मोठी झालेली पोरं आता स्वतःच्या पगारातून जपानची तिकिटं काढायला लागलीत, आणि आमच्या टूर कंपनीकडे आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, त्या पायऱ्या दाखवणार ना, ते रेल्वे फाटक दाखवणार ना. दाखवणार की! फक्त एक लक्षात घ्या, यातल्या बऱ्याच जागांना गेट नाही, तिकीट खिडकी नाही, तिथे माणसं राहतात, शाळेत जातात, दळणवळण चालू असतं.

जपानमध्ये ॲनिमेतल्या जागा बघत फिरायचा हा प्रकार चांगला रुळलेला आहे, तिकडे याला तीर्थयात्राच म्हणतात. 2016 ला ॲनिमे टुरिझम असोसिएशन सुरू झाली, ते लोक 88 जागांची यादी काढतात, आणि तो 88 आकडा आलाय शिकोकू बेटावरच्या 88 देवळांच्या जुन्या यात्रेवरून. पण आमचा सल्ला असा की अष्टविनायक एका दिवसात उरकल्यासारखं करू नका, दिवसाला दोन जागा खूप झाल्या.

'युअर नेम' या पिक्चरच्या (2016) शेवटच्या सीनमधल्या लाल कठड्याच्या पायऱ्या टोकियोत योत्सुयाला आहेत, सुगा देवळाजवळ. योत्सुया-सान्चोमे स्टेशनवरून चालत जाता येतं. गल्ली शांत आहे, दोन्ही बाजूला घरं, त्यामुळे तिथे ओरडून रील करायचं नाही, आणि कोणी आजीबाई पिशवी घेऊन वर चढत असतील तर आधी त्यांना जाऊ द्या, फोटो नंतर.

'गार्डन ऑफ वर्ड्स' या पिक्चरमधली बाग म्हणजे टोकियोतलं शिन्जुकु ग्योएन. तिकीट 500 येन, आणि सहसा सोमवारी बंद, हे विसरून लोकं गेटवरून परत येतात. पिक्चरमध्ये ती बाई मंडपात बसून बियर पिते ना, खऱ्या बागेत दारूला बंदी आहे, तेव्हा कॅन घेऊन पोज द्यायचा प्लॅन असेल तर तो घरीच ठेवा. पिक्चरसारखा पाऊस हवा असेल तर जून धरा, तेव्हा तिकडचा पावसाळा असतो.

आता फाटक. 'स्लॅम डंक'च्या 1993 च्या मालिकेच्या टायटल गाण्यात दिसतं ते, टोकियोजवळच्या कामाकुरा शहरात, एनोदेन रेल्वे लाईनवर कामाकुराकोको-माए स्टेशनच्या बाजूला, पलीकडे सरळ समुद्र. जागा खरंच भारी आहे, खोटं कशाला बोला, पण गर्दी इतकी की पालिकेला सिक्युरिटी गार्ड ठेवावे लागले, कारण हिरवी ट्रेन फ्रेममध्ये यावी म्हणून लोकं भर रस्त्यात उभी राहतात आणि मागे गाड्यांची रांग लागते. ट्रेन साधारण 14 मिनिटांनी येतेच, एक हुकली तर पुढची आहे, घाई काही नाही. आम्ही सकाळी लवकर नेतो, फुटपाथवरूनच फोटो, रस्त्यावर पाय ठेवायचा नाही. हे पटत नसेल तर हा स्टॉप आपण गाळूया, आम्हाला गार्डच्या शिट्ट्या ऐकत ग्रुप आवरायची हौस नाही.

शिनचॅनवाल्यांसाठी कासुकाबे, सायतामा प्रांतात, असाकुसावरून तोबू लाईनने. साधं उपनगर आहे, कोणी म्हणेल इथे बघायचं काय, पण ज्यांनी लहानपणी रोज दुपारी ते कार्टून बघितलंय त्यांना विचारा. 2004 ला पालिकेने नोहारा कुटुंबाला चक्क रहिवासी दाखला दिला होता! शिनचॅनची आई खरेदीला जाते ते सुपरमार्केट ज्यावरून घेतलं ते दुकान मात्र 2024 च्या नोव्हेंबरमध्ये बंद झालं, म्हणून जुने व्हिडिओ बघून यादी करू नका, आधी आम्हाला विचारा.

डोरेमॉनसाठी कावासाकीचं फुजिको एफ. फुजिओ म्युझियम, डोरेमॉन ज्यांनी काढला त्यांच्या नावाचं. तिथे दारात तिकीट मिळत नाही, तारीख आणि वेळ आधी बुक करावी लागते, त्यामुळे तुमच्या तारखा आम्हाला लवकर कळवा.

एक गोष्ट आम्ही विकत नाही. तैवानमधलं ज्युफेन हे 'स्पिरिटेड अवे'चं गाव म्हणून बरेच जण खपवतात, पण त्या पिक्चरचे दिग्दर्शक मियाझाकींनी स्वतः ते नाकारलंय. गाव सुंदर आहे, जरूर जा, फक्त त्या नावाखाली आम्ही पैसे घेणार नाही. त्यापेक्षा टोकियोजवळ कोगानेईचं जुन्या इमारतींचं ओपन एअर म्युझियम बघा, त्या पिक्चरसाठी तिथून खरंच बरंच काही घेतलेलं आहे.

शाकाहारी मंडळींनी जरा सांभाळून, साध्या दिसणाऱ्या नूडल्सच्या रश्श्यातही माशाचं पाणी असतं. खाकरे, चटणी सोबत ठेवा, फळं आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका, कस्टमला अडतात. रस्त्यावर कचऱ्याचे डबे फारसे नसतात, रिकामी पिशवी खिशात असू द्या. आणि भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, तो हातात येईपर्यंत रिफंड न मिळणारं काही बुक करू नका.

बुकिंग करताना नुसतं ॲनिमेचं नाव नको, आवडत्या सीनचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप करा, म्हणजे नक्की कुठल्या बाजूने उभं राहायचं ते आम्ही आधीच बघून ठेवू.